ॲप सगळीकडं टाकायच्या आधी हे उरक

भावा, ॲप चालायला लागलं म्हणून लगेच प्रॉडक्ट हंट, बीटालिस्ट असल्या नवी ॲप लोकांपुढं मांडायच्या साइटवर, दिसेल त्या डिरेक्टरीत नाव टाकत सुटू नकोस. पहिलं बघ लॉगिन न करता काय दिसतंय. तिथनं येणारा माणूस धा टॅब उघडून बसलेला असतोय, त्याला मोबाईल नंबर, मग ओटीपी, मग तालुका विचारत बसलास की तो गेलाच, त्यामुळं डेमो खातं उघडं ठेव. आणि आपलं गुऱ्हाळाच्या हिशोबाचं ॲप आहे ना, मग डेमोत 'टेस्ट १', 'एबीसी' असलं नको, कुणाचा किती टन ऊस आला, दिवसात आदणं (काहिलीत एका वेळी शिजवलेला रस) किती निघाली, ३० किलोचे रवे (गुळाच्या ढेपा) किती नि १ किलोचे किती, कोल्हापूरच्या शाहू मार्केट यार्डात सौद्याला (लिलावाला) दर काय लागला, अडत-हमाली जाऊन हातात काय राहिलं, सगळं भरलेलं पाहिजे. आकडे बनवलेले चालतील पण पटतील असे टाक. टनाला शंभर-सव्वाशे किलोच्या आसपास गूळ पडतोय, डेमोत तीनशे दिसला तर गुऱ्हाळवाला तिथंच हसणार.

प्रॉडक्ट हंटला टॅगलाइन ६० अक्षरांत बसवायची असते. त्यात 'स्मार्ट', 'एआय' कोंबू नको, कुणासाठी नि काय करतंय एवढंच लिही. लोगो २४० बाय २४०, स्क्रीनशॉट १२७० बाय ७६०, आपले स्क्रीन मराठीत आहेत तर प्रत्येकाखाली एक ओळ इंग्रजीत टाक.

वेळेचं नीट बघ. प्रॉडक्ट हंटचा दिवस कॅलिफोर्नियाच्या रात्री १२.०१ ला सुरू होतोय, म्हणजे आपल्याकडं दुपारी १२.३१, आणि नोव्हेंबर ते मार्चच्या सुरुवातीपर्यंत त्यांचं घड्याळ मागं असतंय म्हणून १.३१. गुळाचा सिझन नेमका तेव्हाच, त्यामुळं १.३१ धरून चाल. त्यांची सकाळ म्हणजे आपली रात्र, प्रश्न येणार ते तेव्हाच, तर दुसऱ्या दिवशी कामावर सुट्टी टाकून ठेव, पॉवर बँक चार्ज कर.

हॅकर न्यूजवर (कोड लिहिणाऱ्यांची चर्चेची साइट) 'शो एचएन', म्हणजे आपण बनवलेलं दाखवायची पोस्ट, करायचं असेल तर नुसतं नोंदणीचं पान चालत नाही, लोकांना वापरून बघता आलं पाहिजे. आणि तालमीच्या ग्रुपवर 'भावांनो व्होट करा' असला मेसेज अजिबात नको, मतं मागणं प्रॉडक्ट हंट नि हॅकर न्यूज दोन्हीकडं नियमात बसत नाही.

अल्टरनेटिव्हटू २००९ पासून आहे, तिथं लोक 'अमक्याच्या ऐवजी काय' म्हणून शोधत येतात, तेव्हा आपण कशाच्या ऐवजी ते आधी ठरव. एक्सेल म्हण, टॅली म्हण. (खरी स्पर्धा लाल वहीशी आहे, पण ती तिथं नसणार.)

प्रत्येक साइटला वेगळी लिंक दे, नाहीतर कोण कुठनं आलं ते कळत नाही. बॅकअप घे. 'पैसे द्या, शंभर डिरेक्टरीत टाकतो' म्हणणारे मेल येतील, ते सरळ उडव.

एक मात्र आधीच धरून चाल, या साइटवरनं येणारे बहुतेक आपल्यासारखेच कोड लिहिणारे, ते चुका शोधून देतील, कागल-पन्हाळ्याचा गुऱ्हाळवाला तिथनं यायचा नाही. त्याच्यासाठी क्यूआर छापून अडत दुकानात लावायचाय, दुकानदाराला आधी विचारून, आणि सौदे संपल्यावर जा, सौदे चालू असताना कोण बघतंय तुझ्याकडं.