ग्रामसभेत बोललात, तरी शाळेचं काम का अडतं? पालकांनो, या चुका टाळा

जिल्हा परिषद शाळेच्या वर्गाचं छत गळतंय. पालक चिडलेत, बचत गटाच्या बायका बोलायला तयार आहेत, तरुण मंडळाची पोरंही सोबत आहेत. 15 ऑगस्टच्या ग्रामसभेत विषय जोरात मांडला जातो, सरपंच मान डोलावतात. पुढच्या पावसाळ्यात छत तसंच गळतं. मग गावात सूर निघतो, की आपल्या लोकांना रसच नाही. मला हे अजिबात पटत नाही. लोक येतात, बोलतात, पण बोललेलं कागदावर येत नाही. आणि ग्रामपंचायतीपासून पंचायत समितीपर्यंत पुढे सरकतो तो कागदच.

ऐनवेळी विषय मांडणं

सगळ्यात जास्त नुकसान या चुकीने होतं. नियमित ग्रामसभेची नोटीस सात दिवस आधी निघते आणि तिच्यासोबत विषयपत्रिका. तुमचा विषय त्या पत्रिकेत नसेल, तर तो शेवटी, लोक उठायला लागल्यावर, 'अध्यक्षांच्या परवानगीने' येतो आणि 'चर्चा झाली' एवढ्या दोन शब्दांत संपतो. म्हणून नोटीस निघायच्या आधी, साधारण दोन आठवडे अगोदर, ग्रामपंचायतीत लेखी अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांकासह पोच घ्या. अर्ज शाळा व्यवस्थापन समितीच्या ठरावासह असेल तर त्याला वजन येतं.

अर्जात 'शाळेकडे लक्ष द्यावे' असं लिहू नका. कोणत्या इमारतीतल्या किती खोल्या गळतात, छत पत्र्याचं की स्लॅबचं, किती मुलं तिथे बसतात, हे लिहा. खोली वापरण्याच्या पलीकडे गेली असेल तर मागणी दुरुस्तीची नाही, निर्लेखनाची (म्हणजे जुनी खोली निकामी ठरवून काढून टाकण्याची) आणि नव्या खोलीची करायला हवी. हे दोन प्रस्ताव वेगळे असतात. चुकीचा प्रस्ताव परत यायलाच महिने जातात.

ठराव न ऐकता उठणं

हजेरी वहीत सही केली म्हणजे आपलं काम झालं, असं अनेक पालक मानतात. ठराव कोणत्या शब्दांत लिहिला, ते सभा संपण्याआधी वाचून दाखवायला सांगा. सूचक कोण, अनुमोदक कोण, पाठपुरावा कोणी करायचा, सगळं त्यात हवं. नंतर ठरावाची नक्कल मागा. ग्रामपंचायत अधिकाऱ्याशी, म्हणजे पूर्वीच्या ग्रामसेवकाशी, वाद घालायची गरज नाही. शांतपणे पण प्रत्येक वेळी मागितलं की सवय लागते, त्यांना आणि आपल्यालाही.

शाळा व्यवस्थापन समितीतही तेच. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे या समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या महिला असायला हव्यात. शाळेचा विकास आराखडा तयार करणं आणि अनुदानाचा खर्च तपासणं हे तिचं काम आहे. प्रत्यक्षात कित्येक ठिकाणी वही घरी पाठवून सह्या घेतल्या जातात. ज्या आईने कधी बैठक पाहिलीच नाही, तिची सही खर्चाला मंजुरी म्हणून लागते. हे तिच्यावर अन्यायाचं आहे. वही घरी आली तर सही करू नका, बैठकीची तारीख विचारा.

तहकूब सभा सोडून देणं

ग्रामसभेची गणपूर्ती मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यांतला कमी आकडा. तेवढे लोक जमले नाहीत की सभा तहकूब होते आणि मंडळी घरी जातात. पण तहकूब सभा पुन्हा भरते तेव्हा तिला गणपूर्ती लागत नाही. मोजक्या माणसांत वर्षभराचे निर्णय होऊन जातात. पहिल्या सभेला जमलं नाही तरी चालेल, तहकूब सभेला मात्र पाच-सहा पालकांनी जायलाच हवं.

आपल्या सोयीची वेळ धरून लोकांना दोष देणं

हे बचत गट आणि तरुण मंडळांच्या कार्यकर्त्यांसाठी. सकाळी अकराची बैठक म्हणजे मजुराचा दिवस बुडाला. बीड, पाथर्डीकडच्या गावांत तर अडचण आणखी खोल आहे. गावाच्या विकास आराखड्याची मोहीम 2 ऑक्टोबरच्या सुमाराला सुरू होते आणि नेमकं त्यानंतर ऊसतोड कुटुंबं कारखान्यांकडे निघतात. आराखडा पक्का होताना ज्यांच्या मुलांची शाळा सगळ्यात जास्त बुडते, तेच पालक गावात नसतात. 26 जानेवारीच्या ग्रामसभेलाही ते उसाच्या फडातच असतात. त्यांच्या मागण्या 1 मे आणि 15 ऑगस्टच्या सभांतच ठरावात घ्या, आणि ऑक्टोबरमध्ये तो ठराव आराखड्याला जोडायला लावा. आईबाप ऊसतोडीला गेले तरी मुलांना गावातच राहून शिकता यावं म्हणून असणाऱ्या हंगामी वसतिगृहाची मागणीही ते निघायच्या आधीच व्हायला हवी.

बायकांच्या बाबतीत आणखी एक. प्रत्येक नियमित ग्रामसभेआधी महिला सभा घेणं बंधनकारक आहे. ती कागदोपत्री उरकू देऊ नका. अंगणवाडी, मुलींचं स्वच्छतागृह, पाणी हे विषय तिथे मोकळेपणी निघतात आणि मग ग्रामसभेत एकटीला उभं राहावं लागत नाही.

आकडे न बघता मागणी करणं

गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाचं नाव सर्वसहमतीच्या निर्णयांसाठी घेतलं जातं. मला तिथला अभ्यास गट जास्त मोलाचा वाटतो. निर्णयाच्या सभेपेक्षा वेगळं, फक्त समजून घेण्यासाठी लोक बसतात. तुमच्या गावातही चार पालकांचा असा गट पुरे. त्याने एवढंच विचारावं: ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातला महिला व बालकल्याणाचा 10 टक्के हिस्सा गेल्या वर्षी कशावर खर्च केला? शाळेला संयुक्त अनुदान किती आलं? हे अनुदान शाळेच्या वर्षभराच्या किरकोळ खर्चासाठी असतं; समग्र शिक्षा या सरकारी योजनेच्या निकषात 101 ते 250 पटाच्या शाळेला वर्षाला 50 हजार रुपये धरलेत.

शहरातल्या विनाअनुदानित शाळांच्या पालकांची चूक वेगळी. फी वाढली की मोर्चा निघतो, पण 2011 च्या शुल्क विनियमन कायद्यानुसार पालक-शिक्षक संघाची कार्यकारी समिती वर्षाच्या सुरुवातीला सोडतीने निवडतात, तेव्हा कोणी फिरकत नाही. फीचा प्रस्ताव आधी याच समितीसमोर येतो.

थेट शाळेला कुलूप लावणं

शिक्षक नाही म्हणून राग येणं रास्त आहे. पण कुलूप लागलं की पहिला फटका मुलांना, आणि जिच्याकडे शिक्षकाची नेमणूक आहे ती जिल्हा परिषद तालुक्याहून लांब. आधी शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव, मग तालुक्याच्या गटशिक्षणाधिकाऱ्यांना अर्ज, त्याची प्रत जिल्हा परिषदेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांना. अर्ज घ्यायला कोणी नकार दिला तर तोच स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती जपा. महिनाभर काही हललं नाही तर माहिती अधिकारात विचारा: अमुक तारखेच्या अर्जावर काय कार्यवाही झाली, फाइल सध्या कोणाच्या टेबलावर आहे? अर्जाला 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला तोही नाही. एका अर्जात एकच विषय, 150 शब्दांच्या आत. उत्तर 30 दिवसांत यायला हवं. आलं नाही तर त्याच कार्यालयातल्या प्रथम अपिलीय अधिकाऱ्याकडे अपील करा, आणि पुढच्या ग्रामसभेच्या अर्जाला या सगळ्या पावत्या जोडा.