टेक्स्ट-मोड प्रोग्रॅमने टर्मिनलच्या क्षमता कशा विचाराव्यात

बेळगाव जिल्ह्यातील चिकोडी, हुक्केरी, रायबाग, अथणी या पट्ट्यात ऊस आहे, साखर कारखाने आहेत आणि म्हणून वजनकाटेही आहेत. गळीत हंगामात रात्रंदिवस चालणाऱ्या अशा एखाद्या काट्यासाठी टेक्स्ट-मोडमध्ये चालणारा प्रोग्रॅम लिहायचा आहे, असे धरून चालू. काट्याच्या खोलीतील जुन्या संगणकावर, लिनक्सच्या कन्सोलवरच, गाडीचा नंबर, भरल्या गाडीचे वजन आणि रिकाम्या गाडीचे वजन नोंदवले जाते. शेती विभागातील कारकून तोच प्रोग्रॅम विंडोजवरील पुटीतून, म्हणजे दूरच्या संगणकाचे टर्मिनल दाखवणाऱ्या प्रोग्रॅममधून, उघडतो. आवाराच्या दुसऱ्या टोकाच्या काट्यावर सीरियल केबलने जोडलेले व्हीटी१०० पद्धतीचे टर्मिनल अजून कामात आहे. प्रोग्रॅम एकच, पडदे मात्र तीन. पहिल्यावर आठ रंग आहेत, दुसऱ्यावर सेटिंगनुसार आठ किंवा २५६, तर तिसऱ्यावर रंगच नाहीत.

अशा वेळी टर्मिनलचे नाव ठेवणाऱ्या टर्म या पर्यावरण-चलाचे मूल्य वाचून 'एक्सटर्म असेल तर रंग दाखवा, नाहीतर नको' अशी अट लिहून मोकळे होण्याची सवय अनेकांना असते. ही सवय सोडावी. टर्मिनलचे नाव पाहून निर्णय घेऊ नये, त्याची क्षमता विचारून घ्यावा. आणि प्रत्येक प्रश्नाचे उत्तर नेमके कोण देत आहे हेही ओळखून असावे. काही उत्तरे प्रत्येक टर्मिनलच्या क्षमतांची नोंद असलेल्या टर्मइन्फो या माहितीसाठ्यातून येतात, काही कर्नलमधील टीटीवाय ड्रायव्हरकडून (टर्मिनलची जोडणी सांभाळणाऱ्या भागाकडून), काही लोकेलकडून (भाषा आणि अक्षरसंच यांच्या सेटिंगकडून) आणि थोडी थेट टर्मिनलकडून. ही चार ठिकाणे एकमेकांत मिसळली की प्रोग्रॅम एका जागी नीट चालतो आणि दुसऱ्या जागी का चालत नाही, ते कळत नाही.

पुढील विवेचन सी भाषा आणि एनकर्सेस लायब्ररी धरून केले आहे. एनकर्सेस ही पडदाभर मांडणी करणाऱ्या कर्सेस या जुन्या लायब्ररीची आजची आवृत्ती, म्हणून पुढे तिला नुसते कर्सेसही म्हटले आहे. फंक्शनांची नावे येथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. कोडमध्ये ती इंग्रजी लहान अक्षरांत लिहावीत. बेळगाव, खानापूर, निपाणीच्या महाविद्यालयांत पायथन शिकणाऱ्या विद्यार्थ्यांनाही हे सर्व उपयोगी पडेल, कारण पायथनच्या कर्सेस मॉड्यूलमध्ये यांतील बहुतेक फंक्शने त्याच नावांनी आहेत.

थोडी पार्श्वभूमी आवश्यक आहे. डेक कंपनीचे व्हीटी१०० हे टर्मिनल १९७८ मध्ये आले, परंतु त्या काळी प्रत्येक कंपनीच्या टर्मिनलची आज्ञा-चिन्हे वेगळी असत. बर्कलीत व्हीआय हा संपादक लिहिताना बिल जॉय यांनी टर्मकॅप ही नोंदवही तयार केली. पुढे मार्क हॉर्टन यांनी तिच्या जागी टर्मइन्फो आणले. आज लिनक्सवर आपण जे वापरतो ते एनकर्सेस, ज्याची देखभाल टॉमस डिकी १९९० च्या दशकापासून करत आहेत. टर्मकॅपच्या पद्धतीची टीगेटएंट, टीगेटनम यांसारखी जुनी फंक्शने एनकर्सेसमध्ये आहेत, पण ती जुन्या प्रोग्रॅमांसाठी आहेत. नव्या कामात त्यांचा वापर करू नये.

पहिली पायरी म्हणजे समोर टर्मिनल आहे का, हे पाहणे. आयझ-ए-टीटीवाय हे फंक्शन आउटपुट टर्मिनलकडे जात आहे की फाइलकडे, ते सांगते. दिवसाचा गोषवारा फाइलमध्ये वळवला असेल, तर कर्सेस सुरूच करू नये.

त्यानंतर सेटअपटर्म बोलवावे. त्याला टर्मिनलचे नाव, फाइल-क्रमांक आणि चूक-क्रमांक ठेवण्यासाठी एका चलाचा पत्ता द्यावा लागतो. नावाच्या जागी शून्य-पॉइंटर (नल) दिल्यास ते टर्म या चलाचे मूल्य स्वतः घेते. तिसऱ्या जागी मात्र शून्य-पॉइंटर कधीही देऊ नये, कारण तसे केल्यास चूक होताच ते संदेश छापून संपूर्ण प्रोग्रॅम बंद करते. पत्ता दिला तर चूक झाल्यावर त्या चलात तीनपैकी एक मूल्य मिळते: उणे एक म्हणजे टर्मइन्फोचा माहितीसाठाच सापडला नाही, शून्य म्हणजे या नावाची नोंद नाही किंवा नोंद इतकी त्रोटक आहे की कर्सेस चालणार नाही, एक म्हणजे हे कागदावर छापणारे टर्मिनल आहे. कर्सेस सुरू करणाऱ्या इनिट-स्क्र या नेहमीच्या फंक्शनचाही हाच दोष आहे. चूक झाली की ते प्रोग्रॅम संपवते. काट्यावर गाड्यांची रांग लागलेली असताना प्रोग्रॅमने असे बंद पडणे परवडणारे नाही. म्हणून इनिट-स्क्रऐवजी न्यूटर्म वापरावे, जे चूक झाल्यास शून्य-पॉइंटर परत देते, आणि तसे झाल्यास एकेका ओळीत प्रश्न विचारणाऱ्या साध्या पद्धतीवर यावे.

आता मूळ तीन फंक्शने. हो-नाही प्रकारच्या क्षमतेसाठी टी-आय-गेट-फ्लॅग, संख्येसाठी टी-आय-गेट-नम आणि आज्ञा-ओळीसाठी, म्हणजे टर्मिनलला पाठवायच्या आज्ञा-चिन्हांच्या मालिकेसाठी, टी-आय-गेट-स्ट्र. तिन्हींना क्षमतेचे संक्षिप्त नाव अवतरणात द्यायचे असते. वापर सोपा आहे, पण परतीची मूल्ये काळजीपूर्वक वाचावी लागतात आणि बहुतेक चुका येथेच होतात. फ्लॅगचे फंक्शन क्षमता असल्यास एक आणि नसल्यास शून्य देते, परंतु दिलेले नाव हो-नाही प्रकारातील नसेल तर उणे एक देते. सीमध्ये उणे एक हे 'खरे' मानले जाते. म्हणजे नाव टंकताना एक अक्षर चुकले आणि आपण नुसते 'इफ' लावले, तर नसलेली क्षमता आहे असे समजून प्रोग्रॅम पुढे जातो आणि कोठेही चूक दिसत नाही. म्हणून येथे तुलना नेहमी शून्यापेक्षा मोठे आहे का, अशीच करावी. संख्येच्या फंक्शनमध्ये उणे एक म्हणजे या टर्मिनलला ती क्षमता नाही आणि उणे दोन म्हणजे नावच संख्या-प्रकारातील नाही. तिसऱ्या फंक्शनमध्ये क्षमता नसेल तर शून्य-पॉइंटर येतो, पण नाव चुकीचे असेल तर उणे एक हा पॉइंटर येतो, जो शून्य नसल्यामुळे साध्या तपासणीतून सुटतो आणि छापायला गेल्यावर प्रोग्रॅम कोसळतो. दोन्ही मूल्यांची तपासणी करणारे एक छोटे फंक्शन स्वतः लिहून ठेवावे आणि सर्वत्र तेच वापरावे.

मिळालेली आज्ञा-ओळ प्रिंटएफने छापू नये. कर्सर हलवण्याची क्षमता, जिचे संक्षिप्त नाव सी-यू-पी आहे, हे याचे चांगले उदाहरण. तिच्यात ओळ आणि स्तंभ यांची जागा राखलेली असते. ती भरण्यासाठी टीपार्म वापरतात, आणि टीपार्मला ओळी व स्तंभ शून्यापासून मोजून द्यावे लागतात. शिवाय व्हीटी१०० च्या नोंदीत या आज्ञेच्या शेवटी डॉलरचे चिन्ह आणि कोनी कंसात ५ असा मजकूर असतो. पाच मिलिसेकंद थांबण्याची ती सूचना आहे. टीपुट्स किंवा पुटपी या फंक्शनांना तिचा अर्थ कळतो, प्रिंटएफला कळत नाही. त्यामुळे प्रिंटएफ वापरणाऱ्याच्या पडद्यावर आकड्यांच्या मध्ये डॉलर आणि कंस उमटतात, आणि तेही फक्त सीरियलवरच्या टर्मिनलवर. सी-यू-पीच नसेल, जसे 'डंब' या नावाच्या नोंदीत असते, तर पडदाभर मांडणीचा विचार सोडावा.

कर्सेस सुरू झाल्यावर बहुतेक प्रश्न वरच्या थरातील फंक्शनांनी विचारता येतात. हॅज_कलर्स रंग आहेत का ते सांगते. स्टार्ट_कलर बोलावल्यानंतरच कलर्स आणि कलर_पेअर्स या चलांत खऱ्या संख्या येतात, त्याआधी त्या वाचू नयेत. कॅन_चेंज_कलर हे रंगाची छटा बदलता येते का ते सांगते. लिनक्स कन्सोलवर याचे उत्तर बहुधा होकारार्थी येते, तरी माझे मत असे की कामाच्या प्रोग्रॅमने छटांना हात लावू नये. पडदा वापरणाऱ्याचा असतो. हॅज_आयसी अक्षर घुसवण्याची व काढण्याची, तर हॅज_आयएल ओळ घुसवण्याची व काढण्याची सोय आहे का ते सांगते. व्हीटी१०० वर पहिल्याचे उत्तर नकारार्थी मिळते. कर्सेस या गोष्टी स्वतःच सांभाळत असल्याने आपल्याला त्या विचारण्याची वेळ क्वचितच येते. टर्मनेम संक्षिप्त नाव देते आणि लाँगनेम सविस्तर वर्णन देते, उदाहरणार्थ 'एक्सटर्म विथ २५६ कलर्स'. ही दोन्ही उत्तरे प्रोग्रॅमच्या लॉगमध्ये टिपण्यासाठी आहेत. तक्रार आली की कोणता पडदा होता ते कळते. त्यांच्यावर अटी लावू नयेत.

टर्मअ‍ॅट्र्स मात्र मला फार महत्त्वाचे वाटते आणि ते फारसे कोणी वापरत नाही. ठळक, अधोरेखित, उलट (अक्षर आणि पार्श्वभूमी यांची अदलाबदल), मंद यांपैकी कोणते गुण टर्मिनल दाखवू शकते, ते बिटांच्या रूपाने यातून मिळते. मर्यादेपेक्षा जास्त वजनाची गाडी लाल रंगात दाखवायची ठरवली, तर रंग नसलेल्या पडद्यावर ती सूचना हरवते. म्हणून आधी हॅज_कलर्स विचारावे, नसेल तर टर्मअ‍ॅट्र्समध्ये उलट गुणाचा बिट पाहावा, तोही नसेल तर ओळीच्या आरंभी चांदणी छापावी. रंग असतानाही एक अडचण राहते: काही टर्मिनलांवर काही गुण रंगासोबत चालत नाहीत. ही माहिती एन-सी-व्ही या संख्येत असते. लिनक्स कन्सोलच्या नोंदीत ती १८ आहे, म्हणजे दोन (अधोरेखित) अधिक सोळा (मंद). अर्थात अधोरेखित आणि मंद हे गुण तेथे रंगाबरोबर वापरता येत नाहीत.

इरेजकॅर (अक्षर खोडण्याचे चिन्ह) आणि किलकॅर (पूर्ण ओळ खोडण्याचे चिन्ह) यांची उत्तरे टर्मइन्फोतून येत नाहीत, टीटीवाय ड्रायव्हरकडून येतात. अक्षर खोडण्याची कळ कोठे आठ क्रमांकाचे चिन्ह पाठवते, कोठे १२७ क्रमांकाचे. वापरणाऱ्याने सध्या कोणते चिन्ह ठरवले आहे ते इरेजकॅर सांगते. गाडीचा नंबर टाकण्याचा रकाना आपणच लिहिला असेल, तर कर्सेसची बॅकस्पेस कळ, इरेजकॅरचे उत्तर आणि ही दोन्ही चिन्हे, सर्वांना खोडण्याची कळ मानावे. जोडणीचा वेग सांगणारे बॉडरेट हेही ड्रायव्हरचेच उत्तर आहे. सीरियल तारेवर ते खरे असते आणि ९६०० आले तर पडदा वारंवार पूर्ण रंगवणे टाळावे. पुटीतून एसएसएचने आलेल्या जोडणीत बहुधा ३८४०० मिळते आणि त्या आकड्याचा मोबाइल नेटच्या वेगाशी काहीही संबंध नसतो.

पडद्याच्या आकाराबाबत एनकर्सेस आधी लाइन्स व कॉलम्स ही पर्यावरण-चले पाहते, मग कर्नलला विचारते आणि शेवटी टर्मइन्फोतील आकडे घेते. सीरियल जोडणीत कर्नलला आकार माहीत नसतो, त्यामुळे नोंदीतील २४ ओळी व ८० स्तंभ मिळतात. खिडकीचा आकार बदलल्यास की_रिसाइझ ही कळ आल्यासारखी सूचना येते. ती आली की गेटमॅक्सवायएक्सने आकार पुन्हा विचारावा.

आता आपल्या भागातील प्रश्न, जो मॅन्युअलांत मिळत नाही. शेतकऱ्यांची आणि गावांची नावे येथे मराठीत व कन्नडमध्ये, दोन्ही लिप्यांत येतात. देवनागरी किंवा कन्नड दाखवता येते का, हे सांगणारी क्षमता टर्मइन्फोत नाही. कर्सेस सुरू करण्यापूर्वी सेटलोकेल बोलवावे, रुंद अक्षरांची एनकर्सेसडब्ल्यू ही आवृत्ती जोडावी आणि एनएल_लँगइन्फोला कोडसेट, म्हणजे चालू अक्षरसंच, विचारावा. उत्तर यूटीएफ-८ नसेल तर नावे रोमन लिपीत दाखवावीत. लिनक्स कन्सोलच्या फॉन्टमध्ये फार तर ५१२ आकृत्या मावतात आणि जोडाक्षरे तेथे जुळत नाहीत. म्हणून काट्यावरच्या लॉगिनचे लोकेल 'सी' ठेवावे. मग प्रोग्रॅममध्ये कन्सोलचे नाव तपासावे लागत नाही.

यूटीएफ-८ असले तरी रुंदीचा प्रश्न उरतो. 'संकेश्वर' हे नाव घ्यावे. एसटीआरलेन २४ सांगते, कारण ते बाइट मोजते. डब्ल्यूसीएसलेन ८ सांगते, कारण अनुस्वार, मात्रा आणि हलंत चिन्ह तेथे वेगळे मोजले जातात. डब्ल्यूसीएसविड्थ ५ सांगते, कारण त्या तीन चिन्हांना स्वतःची जागा नसते. तक्त्यातील रकान्यासाठी हा तिसरा आकडाच वापरावा. तरीही जोडाक्षर आणि काना-वेलांट्या यांना नेमकी किती जागा द्यायची, याबाबत सगळी टर्मिनले एकमत नाहीत. शंका असेल तेथे टर्मिनललाच विचारावे: ओळीच्या आरंभी नाव छापावे, एस्केप, चौकटी कंस, ६ आणि एन ही चिन्हे पाठवावीत, म्हणजे टर्मिनल कर्सरची ओळ आणि स्तंभ उत्तरादाखल पाठवते. हे उत्तर कळफलकाच्या मार्गाने येत असल्यामुळे इनपुटची ओळ-पद्धत आणि प्रतिध्वनी आधी बंद करावेत, वाट पाहण्याला मर्यादा घालावी आणि ही चाचणी कर्सेस सुरू होण्याआधी एकदाच करावी. मोजलेला स्तंभ आणि डब्ल्यूसीएसविड्थ जुळत नसतील तर नावाचा रकाना शेवटी घ्यावा, म्हणजे वजनाचे आकडे तरी सरळ राहतात.

हे सर्व तपासण्यासाठी तीन काट्यांवर फिरण्याची गरज नाही. एकाच खिडकीत टर्मचे मूल्य क्रमाने व्हीटी१००, लिनक्स, डंब आणि एखादे अस्तित्वात नसलेले नाव असे ठेवून प्रोग्रॅम चालवावा. इन्फोसीएमपी या आज्ञेला दोन नावे दिली की दोन नोंदींमधील फरक समोर येतो. शेलमध्ये टीपुट कलर्स दिल्यास रंगांची संख्या कळते. पुटी सहसा स्वतःला नुसते एक्सटर्म म्हणवून घेत असल्याने कारकुनाच्या संगणकावर ती ८ येईल. पुटीच्या कनेक्शन विभागातील डेटा या पानावर टर्मिनलचे नाव एक्सटर्म-२५६कलर असे लिहून पुन्हा लॉगिन केले की तीच आज्ञा २५६ सांगते, आणि प्रोग्रॅममध्ये त्यासाठी एकही ओळ बदलावी लागत नाही.