डीपीचे तेल गळू लागल्यास काय करावे

सांगली जिल्ह्याच्या ऊसपट्ट्यात वितरण रोहित्र, म्हणजे आपली डीपी, पुष्कळदा शेतातच, विहिरीच्या किंवा पाटाच्या जवळ असते. त्यामुळे तिच्यातून गळणारे तेल थेट पाण्यात उतरू शकते. गळती दिसताच जवळ न जाता महावितरणच्या शाखा कार्यालयात किंवा १९१२ या क्रमांकावर कळवावे आणि गाव, डीपीची खूण व जवळची विहीर यांचा स्पष्ट उल्लेख करावा. वीजपुरवठा बंद केल्याचे कर्मचाऱ्याने सांगितल्यावरच उताराच्या बाजूला मातीचा बांध घालून तेल अडवावे. हे काम पावसाआधी होणे सर्वांत महत्त्वाचे आहे, कारण तेल पाण्यावर तरंगते आणि ओढ्यावाटे कृष्णेपर्यंत जाऊ शकते.

हे तेल दिव्याला किंवा दुखऱ्या सांध्याला वापरण्याचा मोह कृपया टाळावा. जुन्या रोहित्रांच्या तेलात पीसीबी हे घातक रसायन असू शकते आणि त्याच्या वापरावर केंद्र सरकारने २०१६ च्या आदेशाने निर्बंध घातले आहेत. तेलाने भिजलेली माती शेतात पसरू नये. ती वेगळी काढून, ताडपत्रीने झाकून कर्मचाऱ्यांच्या ताब्यात द्यावी, आणि तक्रारीचा क्रमांक मात्र लिहून ठेवावा.