येऊरच्या पाड्यांवर जुन्या माणसांकडून इतिहास कसा ऐकावा

येऊर म्हणजे ठाण्याला लागून असलेला डोंगराळ भाग; तिथे वारली आदिवासींचे पाडे आहेत. पहिल्या भेटीत रेकॉर्डर पिशवीतच राहू द्या. ओळखीच्या पाडेकऱ्याबरोबर जा, कशासाठी आलात ते सांगा आणि आजी-बाबा बोलावतील त्या दिवशी परत या. आवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या, दिवसांत मात्र नको. भात झोडून झालं की माणसं निवांत सापडतात.

सगळ्यात जास्त घोटाळा होतो तो ‘कोणत्या साली?’ या प्रश्नाने. पाहुण्याचं मन मोडू नये म्हणून एखादं साल सांगितलं जातं, आणि तेच पुढे छापून येतं. त्यापेक्षा खुणा विचारा. १९७२ च्या दुष्काळाआधी की नंतर? तेव्हा तुमचं लग्न झालं होतं? थोरलं पोर केवढं होतं? अशा तीन खुणा जुळल्या की साल जवळपास हाती लागतं. १९४५ चा वारल्यांचा उठाव मात्र तलासरी-डहाणूकडचा. तो येऊरच्या माणसांच्या तोंडी घालू नका.

रेकॉर्डर घडी घातलेल्या गोधडीवर, बोलणाऱ्यापासून हातभर अंतरावर ठेवा. जमिनीवर ठेवलात तर पावलांचा धपधप आवाज शब्द गिळतो. रेकॉर्डरवर ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, स्टिरिओ अशी सेटिंग ठेवली, तर वेव्ह (WAV) फाइलला तासाला साधारण १ जीबी जागा लागते.

रेकॉर्डिंग कागदावर उतरवताना वारली शब्द तसेच ठेवा. धवलेरी म्हणजे नुसती गाणारी बाई नव्हे, लग्न लावणारी ती. भगताचे, म्हणजे देवदेवस्की आणि औषधपाणी करणाऱ्याचे, मंत्र त्याची परवानगी विचारल्याशिवाय टिपू नका.

मग लिहिलेलं त्यांना वाचून दाखवा, चुका तिथेच दुरुस्त करा आणि एक प्रत त्यांच्या घरी ठेवा. वनहक्काच्या, म्हणजे जंगलजमिनीवरच्या हक्काच्या, दाव्यात ज्येष्ठांचं लेखी निवेदन पुरावा म्हणून चालतं. तिथे तुमचं टिपण कामी येऊ शकतं.