इंग्रजीचं ट्रेनिंग हॉलमध्येच राहतं, वर्गात पोचत नाही: या चुका टाळा

बीआरसीच्या, म्हणजे तालुक्याच्या शिक्षक साधन केंद्राच्या हॉलमध्ये तीन दिवस इंग्रजी शिकवणाऱ्या शिक्षकांचं ट्रेनिंग होतं. हजेरीवर सह्या होतात, फोटो ग्रुपवर पडतात. सोमवारी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एखाद्या मराठी शाळेत पाचवीचा तास मात्र पूर्वीसारखाच: सर वाचतात, पोरं मागून म्हणतात, सर अर्थ सांगतात. मग शिक्षक बदलायला तयार नाहीत असा शेरा पडतो. खरं तर त्या तीन दिवसांत शिक्षकानं एकदाही उभं राहून शिकवून बघितलेलं नसतं.

नुसतं ऐकवणं

बाकीच्या सगळ्या चुका एकीकडे आणि ही एकीकडे. सूक्ष्म अध्यापन, म्हणजे एकच कौशल्य धरून सहकाऱ्यांपुढं छोटा पाठ घेणं, डी.एड., बी.एड.ला बहुतेकांनी केलेलं असतं, पण वही भरण्यापुरतं. त्याचं चक्र ३६ मिनिटांचं: ६ मिनिटं शिकवणं, ६ प्रतिसाद, १२ पुन्हा आखणी, ६ पुन्हा शिकवणं, ६ पुन्हा प्रतिसाद. तीस जणांना ओळीनं उभं केलं तर १८ तास जातात, म्हणून कुणी त्या वाटेलाच जात नाही. पाच-पाच जणांचे सहा गट करा आणि सगळे गट एकाच वेळी चालवा. तीन तासांत प्रत्येकाची पाळी होते. आवाज खूप होतो, तेवढा सोसा.

एका पाळीत एकच कौशल्य घ्या. सुरुवात सूचना देण्यापासून करावी, कारण वर्ग बहुतेक वेळा तिथंच कोलमडतो. शिक्षक लांबलचक सूचना देतो, ‘अंडरस्टुड?’ विचारतो, सगळा वर्ग ‘येस सर’ म्हणतो आणि पुढच्या मिनिटाला शेजाऱ्याच्या वहीत डोकावतो. गटात हे करून बघा: पुस्तकं मिटलेली असताना तीन छोट्या वाक्यांत सूचना, एका जोडीकडून नमुना, मग दोन प्रश्न: ‘आर यू रायटिंग ऑर स्पीकिंग?’, ‘हाऊ मेनी सेन्टेन्सेस?’ प्रश्नानंतर मनात तीन अंक मोजून थांबा. बहुतेक शिक्षक एका सेकंदातच स्वतः उत्तर देऊन टाकतात. पुस्तकं उघडायची ती यानंतर.

प्रतिसाद देणाऱ्यानं ‘छान झालं, आवाज जरा मोठा हवा’ म्हणून सुटका करून घेऊ नये. शिक्षकाच्या तोंडून निघालेली वाक्यं जशीच्या तशी लिहावीत आणि कोण किती वेळा बोललं त्याच्या रेघा ओढाव्यात. वही पुढं ठेवली की बारा मिनिटांच्या आखणीत काय बदलायचं ते वेगळं सांगावं लागत नाही.

चुकांची यादी द्यायची, कारण सांगायचं नाही

मुलांच्या चुकांचा तक्ता जवळजवळ प्रत्येक ट्रेनिंगमध्ये असतो. पण त्या कुठून येतात हे सीमाभागातल्या शिक्षकाइतकं कुणाला कळेल? ‘टेबलावर पुस्तक आहे’ आणि कन्नडमधलं ‘मेजिन मेले पुस्तक इदे’ शेजारी ठेवून बघा. दोन्हीत ‘वर’ नंतर येतं आणि क्रियापद शेवटी. मुलाच्या दोन्ही भाषा एकाच दिशेनं ओढतात, इंग्रजी उलटी चालते. म्हणून ‘ऑन द टेबल’ दहादा सांगूनही ‘टेबल ऑन’ येतं. तिन्ही वाक्यं फळ्यावर एकाखाली एक लिहून ‘वर’ला गोल करायला लावा, पाच मिनिटांचं काम.

‘आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स’ ही तर शिक्षकांच्याही तोंडात बसलेली चूक. बेळगावकडची पोरं ‘मी जेवायलोय’, ‘तो खेळायलाय’ म्हणतात. चालू क्रियेसाठी हे रूप हाताशी आहे, ते गावठी म्हणून पुसू नका, वापरा. ‘मला दोन भाऊ असायलेत’ असं कुणी म्हणतं का? नाही. मग ‘हॅविंग’ही नाही. ‘माहीत असायलंय’ म्हणत नाही, म्हणून ‘नोइंग’ नाही. ही कसोटी सगळीकडे मात्र चालत नाही. ‘मला कळायलंय’ आपण सर्रास म्हणतो, पण ‘आय ॲम अंडरस्टँडिंग’ बसत नाही. असे अपवाद वेगळे लिहून द्यावे लागतात.

उच्चारांचंही तसंच. ‘झू’ मुलं सहज म्हणतात आणि ‘झिप’चं ‘जिप’ करतात. मराठीत ‘जाळं’मधला ज आणि ‘जिरे’मधला ज वेगळे. इ आणि ए यांच्या आधी पहिला ज सहसा येत नाही, म्हणून जीभ आपोआप दुसऱ्याकडे वळते. डास कानाशी घोंघावतो तसा आवाज आधी लांबवायला लावा, मग त्याला ‘इप’ जोडा. कन्नड वळणाच्या मुलांकडून ‘एग’चं ‘येग’ होतं, त्याला हा उपाय लागू नाही.

वर्गात मराठी बंद

या फर्मानानं शिक्षक गप्प होतो, मुलं त्याहून गप्प. ‘ऑलदो’चा अर्थ हातवाऱ्यांनी दहा मिनिटं समजावण्यापेक्षा ‘जरी’ म्हणा, एका सेकंदात काम. मराठी अर्थासाठी चालेल. रोजच्या सूचना, हजेरी, कौतुक, रागावणं मात्र इंग्रजीतच हवं, कारण तीच वाक्यं वर्षभर कानावर पडतात.

पाझरत पाझरत उरलेलं

बेंगळूरूच्या ज्ञानभारतीतली प्रादेशिक इंग्रजी संस्था १९६३ पासून दक्षिणेतल्या राज्यांच्या शिक्षकांना तयार करते. तिथं ३० दिवस शिकून आलेला माणूस तालुक्याला तेच तीन दिवसांत सांगायला बसला, तर आधी सराव गळतो आणि व्याख्यान उरतं. निवड उलटी करा: मुद्दे तीनच घ्या, सराव पूर्ण ठेवा. शिक्षकाची स्वतःची इंग्रजी कच्ची असेल तर पद्धतींवरचं भाषण वाया जातं. रोजचा पहिला तास त्यांच्या बोलण्यासाठीच राखा. दीक्षा या सरकारी ऑनलाइन पोर्टलवरचे कोर्स चांगले आहेत, पण व्हिडिओ लावून मोबाइल टेबलावर उलटा ठेवला तरी काही कोर्सचं प्रमाणपत्र मिळतं, हे सगळ्यांना ठाऊक आहे.

जोडीकाम म्हणजे गोंधळ, हा समज

हा समज हिशेबानं मोडतो. ४० मिनिटांच्या तासात ३५ मुलांना एकेक मिनिट वाचायला दिलं तर तास संपतो आणि प्रत्येकाच्या वाट्याला एकच मिनिट. पाच मिनिटांचं जोडीकाम दिलं तर प्रत्येकाला अडीच मिनिटं, आणि वर ३५ मिनिटं शिल्लक. ट्रेनिंगमध्ये हा हिशेब शिक्षकांनाच करायला लावा.

तारखा आणि पाठपुरावा

कणकुंबी, जांबोटीकडच्या शिक्षकांना जुलैच्या पावसात तालुक्याला बोलावू नका. अर्धे उशिरा येतात, उरलेले दुपारीच बसकडे बघत बसतात.

तीन सलग दिवसांऐवजी दोन दिवस आधी आणि एक दिवस पाच आठवड्यांनी ठेवता आला तर उत्तम. मधल्या काळात प्रत्येकानं एकच कौशल्य चार तासांना वापरायचं आणि फसलेला एक तास लिहून आणायचा. यशाचे अहवाल मागवले की सगळे सारखेच येतात. सीआरपींनी, म्हणजे शाळांच्या गटामागे नेमलेल्या मार्गदर्शकांनी, शाळेला भेट दिल्यावर टाचणवही तपासण्याआधी मागच्या बाकावर दहा मिनिटं बसून रेघा ओढाव्यात: सर किती वेळा बोलले, मुलं किती वेळा, आणि त्यात मागच्या बाकावरची किती. तो कागद शिक्षकाच्याच हातात द्यावा, फाइलला लावू नये. फाइलला लागणार हे कळलं की पुढच्या भेटीला पाठ करून घेतलेला तास बघायला मिळतो.