माजी विद्यार्थ्यांच्या निधीतून परदेशात मास्टर्स: अमेरिकी विद्यार्थ्यांसाठी अर्ज आणि हिशेब

ब्रिटनला शिकायला पाठवणाऱ्या ऱ्होड्स आणि मार्शल शिष्यवृत्त्यांची नावं सगळ्यांना पाठ असतात. पण अमेरिकेतून दरवर्षी ऱ्होड्सला ३२ आणि मार्शलला फार तर ५० जण निवडले जातात. माजी विद्यार्थ्यांच्या देणग्यांवर चालणाऱ्या शिष्यवृत्त्यांना गर्दी कमी असते, कारण त्यातल्या बऱ्याचशा एखाद्याच कॉलेजच्या किंवा एखाद्याच विद्यापीठात जाणाऱ्या मुलांसाठी राखलेल्या असतात. त्या एका जागी, एका यादीत मात्र सापडत नाहीत. दोन टोकांना शोधावं लागतं.

पहिलं टोक म्हणजे तुमचं स्वतःचं कॉलेज. प्रिन्स्टनची सॅक्स शिष्यवृत्ती १९६० च्या बॅचच्या डॅनियल सॅक्स यांच्या स्मरणार्थ त्यांच्या वर्गमित्रांनी उभी केली. पॉल मेलन येलचेही आणि केंब्रिजच्या क्लेअर कॉलेजचेही विद्यार्थी, म्हणून त्यांच्या नावाची फेलोशिप याच दोन ठिकाणांदरम्यान चालते. हार्वर्डहून केंब्रिजच्या ठरावीक कॉलेजांत आणि कोलंबियाहून ऑक्सफर्ड-केंब्रिजला पाठवणाऱ्या जुन्या शिष्यवृत्त्याही आहेत. तुमचं कॉलेज एवढं नावाजलेलं नसेल तरी फेलोशिप ऑफिस, तुमचा विभाग आणि शहरातला माजी विद्यार्थ्यांचा क्लब या तिन्ही ठिकाणी वेगवेगळं विचारा. विभागाच्या ताब्यातल्या लहान निधीची माहिती फेलोशिप ऑफिसलाही नसते, असं सर्रास घडतं.

दुसरं टोक म्हणजे जिथे जायचं ते विद्यापीठ. परदेशी विद्यापीठाला थेट दिलेल्या देणगीवर अमेरिकी दात्याला सहसा करसवलत मिळत नाही. म्हणून माजी विद्यार्थी अमेरिकेत नोंदलेल्या ५०१(सी)(३), म्हणजे करमुक्त सेवाभावी, संस्थेमार्फत पैसे देतात. केंब्रिजसाठी ‘केंब्रिज इन अमेरिका’ आहे, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या अमेरिकेतल्या माजी विद्यार्थ्यांचीही अशीच संस्था आहे. दात्याने ‘अमुक मुलालाच द्या’ म्हटलं तर करसवलत जाते. त्यामुळे दात्यांना पत्रं लिहून काही हाती लागत नाही. विद्यापीठाच्या फंडिंग ऑफिसला छोटा ईमेल करा आणि नेमके तीन प्रश्न विचारा: अमेरिकी नागरिकांसाठी राखलेले कोणते निधी माझ्या अभ्यासक्रमाला लागू आहेत? त्यांना वेगळा अर्ज लागतो का? त्या तारखेच्या आत प्रवेशाची ऑफर हातात हवी का?

शिष्यवृत्ती यंदा चालू आहे ना, हेही विचारा. कायम निधीतून, म्हणजे मुद्दल राखून ठेवलेल्या देणगीतून, वर्षाला साधारण ४ ते ५ टक्केच काढतात. म्हणजे ५ लाख डॉलरच्या निधीतून २० ते २५ हजार डॉलर, एका विद्यार्थ्यापुरते. काही निधी म्हणूनच एक वर्षाआड देतात. आणि कायम निधी पुरेसा नसला तर नावाजलेली योजनाही अडते: आयर्लंडला पाठवणाऱ्या मिचेल शिष्यवृत्तीची नवी निवड २०२४ मध्ये थांबवण्यात आली.

बहुतेक अर्ज गुणांमुळे नाही, तारखांमुळे मार खातात. कॉलेजच्या अंतर्गत मुदती ऑगस्ट-सप्टेंबरमध्येच येतात, म्हणजे परदेशी जायच्या वर्षभर आधी. ऑक्सफर्डमध्ये डिसेंबर-जानेवारीच्या मुदतीत प्रवेश अर्ज गेला तर बहुतेक शिष्यवृत्त्यांसाठी तोच पुरतो. मुदत चुकली तर प्रवेश कदाचित मिळेल, पैसे नाहीत. ती मुदत ब्रिटनमधल्या दुपारी १२ ची असते. न्यूयॉर्कला तेव्हा सकाळचे ७ आणि कॅलिफोर्नियात पहाटेचे ४ वाजलेले असतात. ‘आज रात्री पाठवू’ म्हणणाऱ्यांचा अर्ज इथेच पडतो. जिथे अर्ज येतील तशा जागा भरतात, तिथे ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्येच अर्ज करा, म्हणजे शिष्यवृत्तीच्या तारखेपर्यंत ऑफर हाती येईल. शिफारसपत्रांसाठी प्राध्यापकांना निदान सहा आठवडे द्या. प्रवेशाला लागणारं पत्र अभ्यासाबद्दल असतं, माजी विद्यार्थ्यांच्या समितीला माणूस कसा आहे तेही कळायला हवं असतं. एकच पत्र दोन्हीकडे चालवू नका.

समितीवर बसलेले लोक त्या विद्यापीठात स्वतः शिकलेले असतात. त्यांना तिथल्या इमारतींचं कौतुक ऐकायचं नसतं. त्यांचा खरा प्रश्न एकच: हे अमेरिकेत राहून का शिकता येत नाही? ‘नेदरलँड्समधल्या डेल्फ्टचं जल-अभियांत्रिकी जगप्रसिद्ध आहे आणि मला जागतिक दृष्टी हवी आहे’ हे वाक्य कुणीही लिहील. त्याऐवजी असं लिहा: ‘टेक्ससच्या गॅल्व्हेस्टन उपसागरासाठी वादळी लाटा अडवणारी दारं प्रस्तावित आहेत. रॉटरडॅमजवळचं तसंच दार, माएसलांटकेरिंग, १९९७ पासून उभं आहे. अशा दारांच्या देखभालीचा अनुभव असलेल्या लोकांच्या हाताखाली मला प्रबंध करायचा आहे.’ यात जागा, काम आणि परतल्यावरचा उपयोग तिन्ही आलं. पुढे कुठला विषय घेणार आणि मार्गदर्शक म्हणून कोण हवं, एवढं जोडलं की पुरे.

आता पैसे. या शिष्यवृत्त्या क्वचितच पूर्ण खर्च भागवतात, म्हणून अर्जाआधीच हिशेब मांडा. समजा लंडनमधल्या बारा महिन्यांच्या मास्टर्सची फी ३०,००० पौंड आणि राहणं-खाणं महिना १,५०० पौंड, म्हणजे १८,०००. ब्रिटनच्या व्हिसासोबत भरायचा आरोग्य अधिभार वर्षाला ७७६ पौंड असला तरी व्हिसा अभ्यासक्रमाच्या पुढे चार महिने चालतो, त्यामुळे दीड वर्षाचे १,१६४ भरावे लागतात. हा आकडा बहुतेकांच्या अंदाजपत्रकात चुकलेला असतो. एकूण ४९,१६४ पौंड, व्हिसा शुल्क आणि विमान वेगळं. शिष्यवृत्ती १०,००० पौंडांची असेल तर उरतात ३९,१६४. पौंड १.३० डॉलरला धरला तर सुमारे ५०,९०० डॉलर, १.४० झाला तर सुमारे ५४,८००. भावाचा हा धोका तुमच्याच माथी, कारण कर्ज डॉलरमध्ये ठरलेलं असतं.

अमेरिकी सरकारचं फेडरल थेट कर्ज पदव्युत्तरला वर्षाला २०,५०० डॉलरपर्यंत मिळतं. पूर्वी उरलेली तूट ग्रॅड प्लस या दुसऱ्या सरकारी कर्जाने भरून निघायची. १ जुलै २०२६ पासून नव्या कर्जदारांना ते बंद. विद्यापीठ फेडरल योजनेत सहभागी आहे का ते तपासा, आणि अभ्यासक्रमात ऑनलाइन विषय घेऊ नका, परदेशी विद्यापीठात त्याने कर्जाची पात्रता जाते. शिष्यवृत्ती मिळताच कर्ज कार्यालयाला कळवा. कर्ज आणि शिष्यवृत्तीची बेरीज विद्यापीठाने ठरवलेल्या एकूण खर्चापुढे गेली की कर्ज कापतात, कधीकधी दिलेलं परत मागतात.

रक्कम कधी आणि कुणाकडे जमा होणार हे लेखी घ्या. फीपोटीची रक्कम थेट विद्यापीठाकडे जाते, पण प्रवेश पक्का करायची अनामत त्याआधीच खिशातून भरायची असते. जर्मनीला जात असाल तर राहण्याच्या परवान्यासाठी गोठवलेल्या खात्यात, म्हणजे दरमहा ठरावीकच रक्कम काढू देणाऱ्या खात्यात, वर्षाचे ११,९०४ युरो दाखवावे लागतात. शिष्यवृत्तीच्या पत्रावर महिन्याची रक्कम आणि कालावधी स्पष्ट लिहिलेला असेल तर तेवढी गरज कमी होते. पत्र मोघम असेल तर ते दुरुस्त करून मागा.

करही विसरू नका. पदवीसाठीच्या शिष्यवृत्तीतली फी आणि सक्तीची पुस्तकं-साहित्य यांवर अमेरिकेत कर नाही. राहण्या-जेवणाच्या आणि प्रवासाच्या रकमेवर आहे. ती फॉर्म १०४० या वार्षिक करविवरणात दाखवायची. यातून सहसा कुणी आधी कर कापत नाही, म्हणून दर हप्त्यातून थोडी रक्कम बाजूला काढा. आणि परदेशी बँक खात्यांतली एकत्रित शिल्लक वर्षात एकदाही १०,००० डॉलरपुढे गेली, भले मग ती शिष्यवृत्तीचा पूर्ण हप्ता आल्याच्या दिवशीच गेली असेल, तर परदेशी खाती अमेरिकी सरकारला कळवणारा एफबार अहवाल १५ एप्रिलपर्यंत, किंवा आपोआप मिळणाऱ्या मुदतवाढीत १५ ऑक्टोबरपर्यंत, भरावाच लागतो.