स्वस्तातला पावडर ब्लश गोव्याच्या दमट हवेत कसा तपासून बघायचा

दीडशे-दोनशे रुपयांचा पावडर ब्लश घ्यावा की नको, हा प्रश्न आता तसा कुणाला पडत नाही. इनसाइट, स्विस ब्यूटी, मार्स, ब्लू हेवन वगैरे ब्रँड म्हापशापासून मडगावपर्यंत कॉस्मेटिकच्या दुकानांत आरामात मिळतात आणि ऑफिस-कॉलेजला रोज लावायला त्यातले बरेच ठीकठाक असतात. अडचण अशी की ऑनलाइन जे रिव्ह्यू बघून आपण घेतो ते सगळे एसी खोलीत रिंगलाइटसमोर केलेले असतात, आणि आपल्याकडे सकाळी बसस्टॉपवर कदंबा बसची वाट बघत उभं राहिलं की अर्ध्या तासात कपाळावरून घाम उतरतो. पावसाळ्यात तर आर्द्रता सरळ ८० टक्क्यांच्या वर. त्यामुळे ब्लश चांगला की वाईट ते दुकानात ठरतच नाही, एक अख्खा दिवस अंगावर काढून मगच ठरवायचं. ते कसं करायचं ते सांगते.

आधी शेड

टेस्टर हातावर मागच्या बाजूला ओढून बघायची सवय सगळ्यांनाच असते, पण हाताचा रंग आणि गालाचा रंग एक नसतो, त्यात स्कूटर चालवणाऱ्यांचे हात तर उन्हाने दोन शेड काळे झालेले. त्यापेक्षा मानेजवळ जबड्याच्या कडेला थोडासा लावा आणि दुकानाबाहेर येऊन मोबाइलच्या कॅमेऱ्यात उजेडात बघा. पणजीला अठरा जून रोडवर असाल तर दोन पावलं बाहेर आलात की झालं. आतल्या पांढऱ्या ट्यूबलाइटमध्ये जो गुलाबी गोड दिसतो तोच बाहेर कधी कधी चक्क खडूसारखा दिसतो. आणि हो, टेस्टरमध्ये शंभर जणींची बोटं बुडालेली असतात, तेव्हा थेट गालाला किंवा डोळ्यांजवळ लावू नका, आणि नंतर पुसून टाका.

गव्हाळ रंगाला अबोलीच्या फुलाचा जो रंग असतो ना, पीच आणि कोरलच्या मधला, तो जवळजवळ कधीच दगा देत नाही. सावळ्या रंगाला मात्र दुकानदार हमखास फिकट बेबी पिंक दाखवतात, तो घेऊ नका. फिकट शेडमध्ये पांढरा बेस जास्त असतो, म्हणजे टायटॅनियम डायऑक्साइड आणि टाल्क, आणि तो सावळ्या गालावर राखाडी दिसतो. विटकरी, गडद गुलाबी, वाइनकडे झुकणारे शेड डबीत बघायला भयंकर वाटतात, वाटतं की हे लावलं तर चवथीला गणपतीच्या वर फळं-फुलं टांगून करतात त्या माटोळीसारखी रंगीबेरंगी दिसेन, पण हलक्या हाताने लावले की त्वचेत मिसळून जातात. डबीतला रंग बघून घाबरायचं नाही.

शिमर की मॅट? रोजसाठी मॅट, किंवा फार तर किंचित चमक. आपल्या हवेत चेहरा दुपारपर्यंत आपोआपच चमकतो, त्यावर अभ्रकाचे चमचमते कण आणखी कशाला हवेत. पोअर्स, म्हणजे त्वचेवरची बारीक छिद्रं, मोठे असतील तर शिमरने ते जास्तच उठून दिसतात.

डबी उलटी करून बघा

हे कुणी करत नाही आणि खरं तर स्वस्त मालाच्या बाबतीत हेच सगळ्यात महत्त्वाचं. बॅच नंबर, बनवल्याची तारीख, एक्सपायरी, बनवणाऱ्याचं नाव-पत्ता आणि लायसन्स नंबर, एवढं डबीवर नाहीतर खोक्यावर छापलेलं आहे का बघा, यातलं बरंचसं कायद्याने बंधनकारक आहे. बाहेरून आयात केलेला असेल तर आयात करणाऱ्याचं नाव आणि रजिस्ट्रेशन नंबर. बाजारात फुटपाथवर पन्नास रुपयांना जी डबी मिळते, जिचं नाव ओळखीच्या ब्रँडपेक्षा एकाच अक्षराने वेगळं असतं, तिच्यावर यातलं काही नसतं. ती घेऊ नका, पन्नास रुपये वाचवून गालावर पुरळ घेण्यात काय अर्थ.

घटकांच्या यादीत शेवटी सी.आय. असं लिहून आकडे असतात, ते रंग. ७७४९१ म्हणजे लाल आयर्न ऑक्साइड, अगदी नेहमीचा. ७५४७० दिसला तर तो कार्माइन, कोचिनील नावाच्या किड्यांपासून काढतात. कट्टर शाकाहारी असाल तर बघून घ्या, बाकीच्यांना सहसा अडचण नसते. उघड्या डबीचं छोटं चित्र आणि त्यात १२ एम किंवा २४ एम असेल तर उघडल्यावर तेवढे महिने वापरा असा अर्थ.

घरी आणल्यावर लगेच तोंडाला फासू नका

रात्री कानामागे नाहीतर जबड्याखाली थोडा लावून ठेवा आणि २४ तास बघा. खाज, लाली, बारीक पुटकुळ्या आल्या तर विषय तिथेच संपला. सेन्सिटिव्ह त्वचा असेल तर वासाकडेही लक्ष द्या, काही स्वस्त ब्लशना परफ्यूमचा उग्र वास असतो, डबी उघडताच नाकात जातो, असले मी तरी लांबच ठेवते.

लावायचं कसं

सगळा खेळ इथे आहे. चेहरा धुतला, हलकं मॉइश्चरायझर, मग सनस्क्रीन, आणि मग थांबा. पाच-दहा मिनिटं तरी. केस विंचरा, डबा भरा, काहीही करा, पण ओल्या चिकट सनस्क्रीनवर पावडर ब्लश टेकवला की तो तिथेच धरून बसतो आणि गोल डाग पडतो, मग कितीही घासा, तो हलत नाही, उलट खालचं सनस्क्रीन गोळा होऊन निघतं. बोटाची मागची बाजू गालाला लावून बघा, चिकटली नाही तर पुढे जा. तेलकट त्वचेला मध्ये लूज पावडरचा अगदी पातळ हात फिरवा, म्हणजे ब्रश सरकतो.

डबीबरोबर येणारा तो चपटा इवलासा ब्रश बाजूला ठेवा. त्याने पट्टे उमटतात. मऊ, फुगीर, टोकाला थोडा निमुळता असा ब्रश घ्या, दीडशे-दोनशेत चांगला मिळतो, आणि खरं सांगायचं तर ब्लशपेक्षा ब्रशवर पैसे टाकलेले परवडतात. ब्रशचं फक्त टोक पॅनवर, म्हणजे डबीतल्या ब्लशच्या वडीवर, एकदा टेकवायचं, घोळवायचं नाही. मग ब्रशची दांडी मनगटावर आपटून जास्तीची पावडर झाडायची, नीट बघितलंत तर उजेडात ती उडताना दिसते, तीच पावडर एरवी तुमच्या गालावर गेली असती.

सुरुवात नाकाजवळून नको. नाकापासून दोन बोटं अंतर सोडा, गालाच्या हाडावर ब्रश टेकवा आणि कानाच्या वरच्या बाजूला हलकेच न्या. नाकाच्या शेंड्याच्या खाली ब्लश उतरला की चेहरा थकलेला, ओघळलेला दिसतो. हसून गालाच्या गोळ्यावर लावायची जुनी पद्धत आहे, पण हसणं थांबलं की तो गोळा खाली येतो आणि रंगही खाली, म्हणून चेहरा सरळ ठेवूनच लावा. एक हात झाला की आरशापासून लांब जाऊन बघा, शक्यतो खिडकीत नाहीतर बाल्कांवात (घराच्या दारापुढच्या ओट्यावर), आणि मगच दुसरा हात. कमी वाटलं तर वाढवता येतं. जास्त झालाच तर पाण्याने पुसायला जाऊ नका, त्याच ब्रशला लूज पावडर लावून वरून फिरवा किंवा कोरड्या स्पंजने दाबा.

आता खरी परीक्षा

पहिल्यांदा लावून थेट कुणाच्या लग्नाला जाऊ नका. साधा कामाचा दिवस निवडा. आधीचा एखादा ब्लश असेल तर एका गालावर जुना, एका गालावर नवा, शेड जवळपासचे असतील तर कुणाच्या लक्षातही येत नाही. लावल्यावर एक फोटो, दुपारी जेवणाआधी एक आणि घरी परत आल्यावर एक, तिन्ही शक्यतो खिडकीजवळच्या उजेडात.

बघायचं काय? रंग फिका झाला तर हरकत नाही, या किमतीत चार-पाच तास टिकला तरी पुष्कळ. पण तो सारखा फिका झाला की ठिपक्या-ठिपक्यांनी उडाला हे बघा, कारण ठिपके ठिपके राहिले तर तो चांगला दिसणार नाही, मग डबी बाद. दुसरं, घामाने रंग बदलला का, काही गुलाबी शेड त्वचेच्या तेलात मिसळून तासाभरात केशरी होतात. तिसरं, पोअर्समध्ये जाऊन बसला का.

हेल्मेटवाल्यांसाठी वेगळं सांगते, कारण आपल्यातल्या निम्म्या तरी स्कूटरवर असतात. फुल फेस हेल्मेटचे आतले पॅड नेमके गालावरच दाबून बसतात आणि काढताना ब्लश पुसून घेऊन जातात, त्याला जगातला महागातला ब्लशही काही करू शकत नाही. म्हणजे तेवढ्यावरून ब्लशला नावं ठेवू नका, सरळ ऑफिसात पोचून लावा. घरूनच लावायचा असेल तर आधी लिपस्टिकचा एक ठिपका बोटाने गालावर थापून पसरवा आणि त्यावर पावडर ब्लश, असा दोन थरांचा ब्लश जास्त वेळ तग धरतो. क्रम उलटा करू नका, पावडरवर क्रीम गेलं की चिखल होतो.

दुपारी टचअप करताना आधी टिश्यू गालावर दाबून घाम आणि तेल टिपून घ्या, घासायचं नाही, मग ब्रश. घामावर पावडर थापली तर गुठळ्या होतात. उन्हात परत जायचं असेल आणि सनस्क्रीन पुन्हा लावायचं असेल तर ते ओल्या स्पंजने थापून लावा आणि ब्लशचं काय ते नंतर बघा, त्वचा आधी.

सांभाळायचं कसं

डबी स्कूटरच्या डिकीत आणि बाथरूममध्ये ठेवायची नाही. जून ते सप्टेंबर मी तरी ती झिपच्या पिशवीत सिलिका जेलच्या पुडीसोबत ठेवते, नवीन चपलांच्या खोक्यात येते ना, तीच पुडी. ब्रश आठवड्याला शाम्पूने धुवा, पण पावसाळ्यात तो दोन-दोन दिवस वाळत नाही आणि कुबट वास मारायला लागतो, म्हणून संध्याकाळी धुऊन केस खाली करून पंख्याखाली टांगा. ओलसर ब्रश डबीत घातलात तर पॅन गेलाच.

कधी कधी पॅनवर चकचकीत कडक थर येतो आणि ब्रशला रंगच येत नाही, लोक समजतात ब्लश संपला किंवा खराब निघाला. तो थर म्हणजे ब्रशमधून जाऊन बसलेलं आपल्याच चेहऱ्याचं तेल असतं. सेलोटेपचा तुकडा वर हलकेच चिकटवून उचला, थर निघून येतो आणि खाली ताजी पावडर असते. पॅन पडून फुटला तर चुरा त्यातच गोळा करायचा, आयसोप्रोपिल अल्कोहोलचे थोडे थेंब टाकायचे, वर टिश्यू ठेवून नाण्याने घट्ट दाबायचं आणि रात्रभर उघडा ठेवायचा. सकाळी तो थोडा जास्त कडक लागेल पण चालतो.